हळू वाढतंय की अडकलंय?

पत्र थोडक्यात: सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या एका ताईंचं हे पत्र. मागच्या वर्षी त्या लेकीच्या बाळंतपणाला एडिंबराला गेल्या होत्या. तिथल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये नातीला बाबागाडीतून फिरवताना त्यांनी मंकी पझल नावाचं झाड पाहिलं, दक्षिण अमेरिकेतलं, बारा महिने हिरवं, हजार वर्षं जगणारं, आणि त्या झाडानं त्यांना वेडच लावलं. घरी आल्यावर नातीच्या नावानं त्यांनी तेच रोप ऑनलाइन मागवलं, साडेचौदाशे रुपयांना. आता वर्ष होत आलं तरी रोप बोटभरही वाढलेलं नाही, खालच्या फांद्या पिवळ्या पडून वाळल्या. हळू वाढणारं झाड आहे म्हणून त्या वाट बघत राहिल्या. मिस्टर म्हणतात असलं काटेरी झाड दारात नको, कडुलिंब लाव. मुलगा म्हणतो एसीत ठेव. डिसेंबरात लेक येतेय, तिनं येताना तिकडून बिया आणाव्यात का असंही त्या विचारतात. आणि शेवटी लिहितात, "नातीच्या नावाचं झाड वाळलं तर मी काय समजू? रात्री उठून बघून येते."

ताई,

तुमच्या पत्रात मध्येच एक ओळ आहे, कदाचित तुम्ही सहज लिहिली असेल, की "फांदीवरून हात फिरवला तर मऊ लागतं, नातीला टोचणार नाही म्हणून बरं वाटलं." बाकी सगळ्याच्या आधी मला ह्या ओळीवर बोलायचंय, कारण मंकी पझल मऊ लागत नाही. अगदी वीतभर रोप असलं तरी नाही. त्याची पानं जाड, चामड्यासारखी कडक, त्रिकोणी आणि टोकाला चांगलीच धारदार असतात, आणि ती फांदीलाच नाही तर खोडालाही खवल्यांसारखी चारी बाजूंनी घट्ट लपेटलेली असतात. एकेक पान दहा-पंधरा वर्षंही झाडावर टिकतं. एडिंबराला जे पाहिलंत ते आठवा, त्यावरून हात फिरवायची इच्छा झाली होती का?

मऊ, बारीक, आतल्या बाजूला जरा वळलेल्या सुया, फांद्या आडव्या, थराथरानं आलेल्या, एका थरात साधारण पाचेक फांद्या, असं जर तुमचं रोप असेल तर ते नॉरफोक पाइन आहे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये ह्याला अरोकेरिया किंवा सरळ ख्रिसमस ट्री म्हणतात. ह्याच्याच जवळचं कुक पाइनही असू शकतं, लहानपणी दोन्ही इतकी सारखी दिसतात की भले भले ओळखत नाहीत आणि निगा सारखीच असल्यानं आपलं त्यावाचून काही अडतही नाही. तिसरं एक बुनिया पाइन म्हणून येतं, चकचकीत चपटी टोकदार पानं, ते टोचतं खरं, आणि कधीकधी मंकी पझल म्हणून तेच गळ्यात मारलं जातं, पण त्याची पानं फांदीच्या दोन बाजूंना पसरलेली दिसतात आणि पानाच्या बुडाशी तेवढी रुंद नसतात. ही सगळी एकाच अरौकारिया कुळातली, म्हणून नावात गोंधळ होतो आणि विकणारे तो गोंधळ तसाच ठेवतात. तुमचं फसणं अगदी साहजिक होतं, फोटो मोठ्या झाडाचा लावायचा आणि रोप दुसरंच पाठवायचं हे फार चालतं. वाचणाऱ्या बाकीच्यांनीही ऑनलाइन दुर्मिळ झाड घेताना विकणाऱ्याकडून प्रत्यक्ष त्याच रोपाच्या पानाचा जवळून फोटो मागवावा, नाही पाठवला तर घेऊ नये.

आता हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण माझ्या मते ही चांगली बातमी आहे. का ते सांगते.

तुम्ही वर्षभर गप्प बसलात कारण तुमच्या मनात पक्कं होतं की हे झाड हळू वाढतं. मंकी पझल हळू वाढतं हे खरंच आहे, पहिली काही वर्षं तर कळतही नाही वाढतंय की नाही, बी धरायलाच तीस-चाळीस वर्षं लागतात, आणि नर-मादी झाडं वेगळी असल्यानं एकट्या झाडाला रुजणारं बी धरतही नाही. पण हळू वाढणं आणि जागच्या जागी थांबणं ह्यात फरक आहे. हळू वाढणारं निरोगी झाडसुद्धा वर्षातून एकदा तरी शेंड्याला नवी, फिकट हिरवी वाढ दाखवतंच. तुमच्याकडे जे आहे ते नॉरफोक पाइन तर तेवढं मंद नाहीच, नीट जमलं तर कुंडीतसुद्धा वर्षाला वीतभर उंची सहज घेतं. म्हणजे ते वर्षभर अडकून बसलंय. त्याला काहीतरी त्रास आहे आणि तो दूर करता येईल असा आहे. खरं मंकी पझल असतं तर मला तुम्हाला फार वेगळं आणि नको वाटणारं उत्तर द्यावं लागलं असतं, तेही पुढे देतेच, कारण सोलापूर, लातूर, विजापूरकडचे बरेच जण हे विचारतात.

तुमच्या पत्रातून मला जे दिसतं ते असं. रोप आलं तेव्हा छोट्या पिशवीत होतं, तुम्ही शेतातली चांगली काळी माती आणून मोठ्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत लावलं, गच्चीवर ठेवलं, परदेशी झाड म्हणून रोज पाणी घातलं आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओच्या वेस्टचं घातलं. एप्रिल-मेमध्ये रात्री एसीच्या बेडरूममध्ये आणि सकाळी परत गच्चीवर. ह्यातलं प्रत्येक काम तुम्ही मायेनं केलंय, आणि तरी ह्या झाडाला त्यातलं एकही मानवलेलं नाही.

काळी माती ज्वारीला, कपाशीला सोनं आहे, कुंडीतल्या ह्या झाडाला मात्र नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की दगड होते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून घातलेलं पाणी कडेनं खाली निघून जातं आणि मुळं एकतर चिखलात नाहीतर कोरडी. त्यात आपल्याकडच्या मातीत चुनखडी. अरौकारियाला किंचित आंबट, भुसभुशीत, पाणी पटकन निचरणारी माती लागते. आरओचं वेस्ट पाणी तर मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षारांचं असतं, कारण गाळून काढलेले क्षार त्यातच येतात. भांडी-फरशीला वापरा, कुंडीला नको. कुंडीच्या कडेला, मातीवर पांढरा थर आलाय का बघा, आला असेल तर तोच तो.

गच्चीचं तर विचारूच नका. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस होतो तेव्हा स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत माती हात लावता येणार नाही इतकी तापते, मुळं अक्षरशः शिजतात. नॉरफोक बेटावर, जिथलं हे झाड आहे, पॅसिफिक समुद्रात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, तिथं पारा तिशीच्या वर जवळपास जातच नाही आणि हवेत कायम समुद्राचा ओलावा. एसीनं गारवा मिळतो पण हवा कोरडी होते, आणि गारव्यातून उचलून परत भट्टीत न्यायचं हा झटका झाडाला उन्हापेक्षाही वाईट. मुलाला सांगा, एसीचा उपयोग आहे पण दुसरा. त्याच्या पाइपातून जे पाणी ठिबकतं ते बादलीत धरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात, तेच ह्या झाडाला घाला. पावसाळ्यात पागोळीचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवलं तर अजूनच उत्तम. नळाला चार-चार पाच-पाच दिवसांआड पाणी येतं त्या गावात हे सांगणं मला जड जात नाही, पाणी साठवायची सवय आपल्याला आहेच, फक्त एक बादली ह्याच्या नावाची वेगळी.

मग करायचं काय. ऑक्टोबर हीट ओसरली की, म्हणजे दिवाळीच्या आसपास, कुंडी बदला. मातीची साधी भाजलेली कुंडी घ्या, मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन इंच मोठी, त्याहून मोठी नको, मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं कुजतात. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि जेमतेम अर्धा भाग गांडूळखत. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. आणि लाल माती म्हणून जे मिळेल त्याची एक साधी परीक्षा आहे, चमचाभर कोरडी माती घेऊन त्यावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर त्यात चुना आहे, ती घेऊ नका. रोप काढताना मुळांना ओढाताण नको. आदल्या दिवशी पाणी द्या, कुंडी आडवी करून हळूच सरकवा, बाहेरची काळी माती बोटांनी जेवढी सुटेल तेवढी सोडवा आणि आतला मूळ गोळा तसाच राहू द्या. लावताना खोड आधी जेवढं मातीबाहेर होतं तेवढंच राहिलं पाहिजे. कुंडीच्या तळाचं भोक मोठं असू दे, खाली ताटली ठेवली तर त्यात साचलेलं पाणी ओतून टाका. पहिले दोन महिने कुठलंही खत नको, डीएपी-युरिया तर कधीच नको.

जागा कुठली, तर पूर्वेचा व्हरांडा. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन मिळू दे, नंतर सावली पण उजेड भरपूर. घराच्या आत कोपऱ्यात ठेवाल तर खालच्या फांद्या पुन्हा गळतील, अंधारात हे झाड आधी खालचंच सोडतं. मार्चपासून पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा, आणि कुंडीला उन्हाची झळ लागू नये म्हणून ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरा, मातीवर वाळका पालापाचोळा पसरा. आजूबाजूला बाकीच्या कुंड्या दाटीनं लावल्या तर तेवढ्यापुरती हवा ओलसर राहते. आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरी फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे वाकडं होत जातं आणि ते नंतर सरळ होत नाही.

पाण्याचं वेळापत्रक मी देणार नाही. बोट दोन इंच मातीत घाला, कोरडं लागलं तर भरपूर घाला, तळातून बाहेर येईपर्यंत, ओलसर लागलं तर परत फिरा. थंडीत चार-पाच दिवस लागणार नाही, मेमध्ये कदाचित रोज लागेल. तुमची सवय रोज घालायची आहे म्हणून मुद्दाम लिहिते, सोलापुरात कुंडीतली झाडं उन्हानं मरतात असं आपल्याला वाटतं, पण उन्हाच्या भीतीनं रोज घातलेल्या पाण्यानंही तेवढीच मरतात.

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते नीट बघायला शिका, त्यावरून बरंच कळतं. जुन्या, खालच्या फांद्या पिवळ्या-तपकिरी होत असतील तर पाणी, उजेड नाहीतर मुळं. शेंड्याची नवी वाढच पिवळट येत असेल तर चुन्यामुळे लोह मिळत नाहीये, आपल्याकडचे द्राक्ष-डाळिंबवाले चिलेटेड फेरस वापरतात ते कृषी केंद्रात मिळतं, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं घालून बघा. आणि मार्चनंतर सुया निस्तेज, धुळकट, बारीक ठिपके पडल्यासारख्या दिसल्या तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. हलणारे ठिपके पडले की ती लाल कोळी नावाची कीड. रोज सकाळी पाण्याच्या फवाऱ्यानं खालच्या बाजूनं धुवा, तेवढ्यानं हटली नाही तर नीम तेल, तेही ऊन उतरल्यावर.

एक गोष्ट मात्र आताच सांगून ठेवते. ज्या फांद्या गळाल्या त्या जागी परत येणार नाहीत. खोड खालून उघडंच राहील, ते वाईट दिसतं म्हणून शेंडा छाटून झाड "भरगच्च" करायला जाऊ नका, माळीकाका सुचवतील, ऐकू नका. ह्या झाडाचा शेंडा एकदा गेला की सरळ वाढ बिघडते, आणि बाजूच्या फांदीची कलम लावली तर ती उभी न वाढता आडवीच पसरते. जमिनीत लावायचाही मोह टाळा. मानवलं तर चाळीस-पन्नास फुटांचं होईल, कंपाउंडपासून दहा फुटांवर आणि वर विजेच्या तारा, नको.

आता खऱ्या मंकी पझलबद्दल, ज्यांच्याकडे ते खरंच आहे किंवा ज्यांना आणायचंच आहे त्यांच्यासाठी. हे झाड चिली आणि अर्जेंटिनाच्या अँडीज डोंगरांतलं, बहुतेक हजार मीटरच्या वरचं, ज्वालामुखीच्या राखेच्या मातीतलं. हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फ, उणे वीसपर्यंतची थंडी ते सोसतं. लोक मला म्हणतात, जे एवढं सोसतं ते आपलं ऊन का नाही सोसणार? पण ताकद एकाच दिशेची असते. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि इथं दिवसापेक्षा रात्रीचा प्रश्न मोठा आहे. भर उन्हाळ्यात रात्रीही पारा पंचवीसच्या फारसा खाली उतरत नाही, झाडानं दिवसा कमावलेलं रात्रीच्या उकाड्यातच खर्च होतं, आणि गरम ओल्या मातीत त्याची मुळं कुजतात. स्कॉटलंडमध्येही ते पाहुणंच आहे, १७९५ मध्ये आर्चिबाल्ड मेंझीस ह्या स्कॉटिश डॉक्टर-वनस्पतीतज्ञानं जहाजावर बिया रुजवून ती रोपं ब्रिटनमध्ये आणली. पण तिथली गार, ओलसर हवा त्याला मानवली. आपल्याकडे फार तर काही वर्षं तग धरेल, मोठं होणार नाही. मी कुणालाही सोलापुरात ते लावायला सांगणार नाही.

म्हणूनच लेकीला बिया आणायला सांगू नका. ही झाडं तिथं जंगलातच धोक्यात आहेत, चिलीचं ते राष्ट्रीय झाड, १९९० पासून तिथं तोडायला बंदी आहे, आणि दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स करारात ते सगळ्यात कडक यादीत, परिशिष्ट १ मध्ये आहे. शिवाय कुठलंही बी-रोप भारतात आणायला परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत लपवून आणलं आणि पकडलं तर लेकीला त्रास, आणि नाही पकडलं तरी ते बी वाळलं की मरतं, ताजं आणि गारव्यात ओलसर ठेवलं तरच रुजतं. प्रवासात ते वाळायचीच भीती जास्त.

आता नातीचं. ताई, तुम्ही शाळेत किती पोरं वाढताना बघितलीत, एखाद्याची पाटी फुटली म्हणून त्याचं नशीब फुटलं असं तुम्ही कधी कुणाला म्हणू दिलं असतंत का? झाडाच्या खालच्या फांद्या वाळल्या त्या मातीतल्या चुन्यानं आणि आरओच्या पाण्यानं. त्याचा एडिंबरात रांगणाऱ्या बाळाशी काही म्हणजे काही संबंध नाही. मला वाटतं तुम्ही रात्री उठता ते झाडासाठी कमी आणि ती लांब आहे म्हणून जास्त. तिची आठवण येते, हात पोचत नाही, मग जिथं हात पोचतो तिथं सगळा जीव लावला. त्यात चूक काही नाही, फक्त तेवढं ओझं एका दीड फुटाच्या रोपावर नको. झाडाला तिचं नाव ठेवलंय ते वाटल्यास राहू द्या, नाहीतर आजपासून ते नुसतं तुमचं झाड समजा आणि नातीशी व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून घ्या, रोजची, पाच मिनिटांची का असेना.

आणि हजार वर्षांच्या झाडाची हौस असेल तर ती तिकडे पुरी होऊ दे. लेकीला सांगा, दरवर्षी वाढदिवसाला नातीला गार्डनमधल्या त्याच झाडापाशी उभं करून फोटो काढ. पुढेमागे त्यांचं स्वतःचं अंगण झालं तर तिथल्या नर्सरीत वाढवलेलं रोप मिळतं, ते लावता येईल. पश्चिम स्कॉटलंडमध्ये बेनमोर म्हणून एडिंबराच्याच बोटॅनिक गार्डनची दुसरी बाग आहे, तिथं चिलीच्या झाडांचा अख्खा भाग जोपासलाय, पुढच्या वेळी गेलात तर तिथं जरूर जा.

राहिले मिस्टर. त्यांचा काट्यांचा आक्षेप तर आपोआप निकालात निघाला, तुमचं झाड टोचत नाही हे तुम्हीच लिहिलंय, त्यांचा हात धरून फांदीवरून फिरवा. कडुलिंबाचं म्हणाल तर त्यांचं अगदी चूक नाही, इथल्या जमिनीत इथलंच झाड लावावं हे मलाही पटतं. पण तुम्हाला ओढ आहे ती सावकाश वाढणाऱ्या, बारमाही हिरव्या, पिढ्यान् पिढ्या टिकणाऱ्या झाडाची, आणि तसं झाड आपल्याकडे आहे की. खिरणी. उन्हाळ्यात पिवळी गोड फळं येतात ती. अतिशय मंद वाढते, कोरड्या हवेत तग धरते, शेकडो वर्षं जगते, आणि चिकूची कलमं हिच्याच खुंटावर बांधतात त्यामुळे फळझाडांच्या नर्सरीत रोप मागितलं तर मिळून जातं. जागा कमी वाटत असेल तर बकुळ, तीही सावकाश वाढणारी आणि सदा हिरवी, कंपाउंडच्या आत नीट बसते. माझं मत विचाराल तर खिरणी, पण कंपाउंडपासून पंधरा फूट तरी सोडता आले तरच. लावायची पुढच्या जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाला की, खड्डा आत्ताच घेऊन उन्हात तापू द्या. खड्डा मिस्टरांना घेऊ द्या, त्यांचंही त्या झाडात काहीतरी राहील.

दिवाळीनंतर कुंडी बदललीत की फोटो पाठवा. एक शेंड्याचा जवळून, एक खोडाच्या बुडाचा, आणि सोबत पाणी कुठलं घालताय तेही लिहा. फेब्रुवारीपर्यंत शेंड्याला काहीच हालचाल दिसली नाही तर खोडावर नखानं अगदी बारीक ओरखडा काढून बघा, आत हिरवं असेल तर थांबा, तपकिरी असेल तर मला कळवा.